वखारीचा मेसेज न वाचता पुसू नका



मका, सोयाबीन निघाला की भाव पडतो. म्हणून धुळे जिल्ह्यातले आपले बरेच शेतकरी माल वखारीत ठेवून पावतीवर तारण कर्ज घेतात. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने या पावत्या ब्लॉकचेनवर आणल्या. वखार आणि बँक दोघांना एकच नोंद दिसते. ती गुपचूप खोडता येत नाही. त्यामुळे एकाच पावतीवर दोन ठिकाणी कर्ज काढणं अवघड झालं.

पण पोत्यात काय आहे, हे ब्लॉकचेनला दिसत नाही. वजन चुकीचं भरलं तर चूकही पक्की बसते. अशा वेळी एसएमएस कामाला येतो. नोंद झाली की नोंदवलेल्या नंबरवर आपोआप मेसेज जाईल, अशी सोय करता येते. नंबर आडत्याचा असेल तर खबर त्यालाच लागेल.

✅ पावती करताना स्वतःचा चालू नंबर द्या. मेसेज कधी-कधी येतात, तेही विचारा.
✅ मेसेजमधलं वजन काट्याच्या चिठ्ठीशी ताडून बघा.
✅ कर्ज न घेता बोज्याचा मेसेज आला, तर त्याच दिवशी वखारीत आणि बँकेत जा.
❌ ओटीपी कोणालाही सांगू नका.

शंका आली तर मेसेज तसाच ठेवून कंपनीच्या कार्यालयात दाखवा.