पूर्वजांच्या कथा आणि त्यांची पारख

घराघरांतून सांगितल्या जाणाऱ्या पूर्वजांच्या कथांना इतिहास म्हणावे काय, हा प्रश्न अध्यापकांपुढे वारंवार उभा राहतो. विद्यार्थ्याने आजोबांकडून ऐकलेली हकीकत नाकारली तर त्याचे मन दुखावते. जशीच्या तशी स्वीकारली तर इतिहासाची शिस्त बिघडते. ह्या पेचात अमेरिकेतील मॉर्मन समाजाचे उदाहरण आम्हांस उद्बोधक वाटते.

जोसेफ स्मिथ ह्यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. त्यास होणारा विरोध वाढत गेला आणि १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील एका तुरुंगात जमावाने त्यांची हत्या केली. पुढे अनुयायांनी ब्रिगॅम यंग ह्यांच्या नेतृत्वाखाली पश्चिमेची वाट धरली. पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, म्हणजे आजच्या यूटा राज्यात, पोहोचली. १८६९ मध्ये लोहमार्ग पुरा होईपर्यंत साठ-सत्तर हजार माणसे तेथे गेली. त्यांच्या वंशजांच्या घरी ह्या प्रवासाच्या कथा आजही भक्तिभावाने सांगितल्या जातात.

त्यांतील सर्वांत करुण कथा हातगाड्यांची होय. युरोपातून आलेल्या निर्धन कुटुंबांस बैलगाडी परवडत नसे. म्हणून चीजवस्तू हातगाडीवर लादून ती सुमारे तेराशे मैल माणसांनीच ओढावयाची, अशी योजना १८५६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी विली आणि मार्टिन ह्यांच्या तुकड्या उशिरा निघाल्या. ऑक्टोबरात त्यांना वायोमिंगच्या उंच प्रदेशात हिमवर्षावाने गाठले. सुमारे हजार माणसांपैकी दोनशेहून अधिक मरण पावली. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या आल्या, म्हणून उरलेली वाचली.

ह्या संकटातील एक प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. मदतीस आलेल्या ग्रँट, हंटिंग्टन आणि किंबॉल ह्या तीन तरुणांनी स्वीटवॉटर नदीच्या बर्फाळ पाण्यातून जवळजवळ सारी तुकडी पाठीवर वाहून नेली आणि त्या श्रमाने तिघांनाही पुढे मृत्यू आला, असे सांगत. १९१४ मध्ये ही हकीकत पंथाच्या मासिकात छापली गेली. ती लिहिणारे सॉलोमन किंबॉल हे त्या तिघांपैकी एकाचे बंधू होते. घटना आणि लेखन ह्यांत अठ्ठावन्न वर्षांचे अंतर होते.

२००६ मध्ये चॅड ऑर्टन ह्या संशोधकाने जुन्या नोंदी आणि आठवणी ताडून पाहिल्या. नदीत उतरणारे तिघांहून अधिक होते. पुष्कळ प्रवाशांनी नदी स्वतःच ओलांडली होती. किंबॉल १८८३ पर्यंत, तर हंटिंग्टन १८९६ पर्यंत हयात होते. विशेष हे की, हे संशोधन त्याच पंथाच्या विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. थंडीने गारठलेल्या माणसांना पाण्यातून वाहून नेले गेले, हे सत्य मात्र अबाधित राहिले.

ही पारख शक्य झाली ती लेखनाच्या सवयीमुळे. नोंदी ठेवण्याचा आदेश पंथास स्थापनेपासूनच आहे. शिवाय कुटुंबाचे नाते मरणोत्तर टिकते आणि मृत पूर्वजांच्या वतीनेही बाप्तिस्मा घेता येतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यासाठी पूर्वजांची नावे व तिथी शोधाव्या लागतात. म्हणून १८९४ मध्ये वंशावळींसाठी स्वतंत्र संस्था निघाली. १९३८ पासून तिने कागदपत्रांच्या मायक्रोफिल्म घेण्यास आरंभ केला आणि १९६० च्या दशकात सॉल्ट लेकजवळचा ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून त्यांच्यासाठी कोठार बांधले. तिने हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही चित्रण केले आहे. काशी-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या आजा-पणज्यांची नावे वाचलेल्या वाचकांस ह्या उद्योगाचे मोल वेगळे सांगावयास नको.

आपल्यांतील अनेकांचे पूर्वजही कधीकाळी दूरदेशी येऊन स्थिरावले, आणि त्यांच्याही कथा घरोघरी आहेत. विद्यार्थ्याने अशी कथा आणली, तर ती कोणी सांगितली, सांगणाऱ्याने कोणाकडून ऐकली आणि घटनेनंतर किती वर्षांनी ती प्रथम लिहिली गेली, एवढे तीन प्रश्न त्याच्या वहीत कथेखाली लिहवून घ्यावेत. उत्तरे देऊ शकणारी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.