शनीची कडी आणि चिमुकली याने

शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पुरी करण्यास या ग्रहास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. तेव्हा नाव सार्थच आहे. साडेसातीच्या भयाने घरोघरी त्याचे स्मरण होते, परंतु त्याच्या कड्यांचा विचार करणारे थोडे. शाळेत शिकवीत असताना आम्ही फळ्यावर त्याच्याभोवती खडूने एक अखंड वर्तुळ ओढून मोकळे होत असू. ते चुकीचे होते, हे कबूल केले पाहिजे.

अखंड, घन कडे टिकणेच शक्य नाही, ती असंख्य सुट्या कणांची दाटी असली पाहिजे, असे मॅक्सवेल याने १८५९ साली गणिताने दाखविले. १८९५ साली कीलर याने वर्णपटाच्या साहाय्याने त्यास पुरावा दिला. पुढे कॅसिनी यान २००४ पासून २०१७ पर्यंत शनीभोवती फिरले. मुख्य कड्यांचा विस्तार सुमारे पावणेतीन लक्ष किलोमीटर, पण जाडी बहुतेक ठिकाणी अवघी दहा मीटरांच्या आसपास! धुळीच्या कणापासून घराएवढ्या खंडापर्यंत सारे बहुतांशी पाण्याचे बर्फ.

इतके होऊनही कड्यांतील सामान्य तुकडा सुटा असा कोणी पाहिलेला नाही. मोठे, बहुमोल यान त्या दाटीजवळ न्यावे, तर एखादा खडाही त्याचा घात करील. म्हणून अभ्यासकांनी अशी कल्पना मांडली आहे की, मुख्य यान दूर ठेवावे व चिमुकली याने कड्यांलगत सोडावीत. तेथील तुकडे ताशी सुमारे साठ ते ऐंशी हजार किलोमीटर वेगाने धावतात. परंतु यान त्याच वेगाने बरोबर चालले, तर शेजारून जाणाऱ्या गाडीप्रमाणे ते जवळजवळ स्थिर भासतील. अडचण एवढीच की, मोकळे सोडलेले यान प्रत्येक फेरीत दोनदा कड्यांच्या पातळीतून आरपार जाणार. ते वरचेवर राहावे म्हणून त्यास सतत हलकासा रेटा द्यावा लागेल. एखादे नष्ट झाले, तरी बाकीची काम करतील.

यातून लाभ काय? ते तुकडे एकमेकांस हळुवार धडकतात, तेव्हा चिकटतात की विलग होतात, हे कळेल. आपली पृथ्वीही अशाच कणांच्या मीलनातून घडली, असे मानतात. कडी ग्रहाइतकीच प्राचीन, की त्याहून पुष्कळ अलीकडची, हा वादही मिटण्यास साहाय्य होईल.

अशी याने अद्याप गेलेली नाहीत. तोवर घरच्या मुलांनी शनीचे चित्र काढताना कडे रेघेने न ओढता ठिपक्यांनी काढावे, एवढेच आमचे सांगणे आहे.