ग्रीक-लॅटिन कवितेतील लघुगुरू

प्राचीन ग्रीक आणि लॅटिन कविता यमकावर चालत नाही. तिची लय लघुगुरूंच्या क्रमातून येते. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू, ऱ्हस्व असूनही पुढे दोन व्यंजने आली तर सहसा गुरूच, हा हिशेब वृत्ते शिकलेल्या मराठी वाचकाला नवा नाही.

होमरची महाकाव्ये ‘हेक्झामीटर’मध्ये आहेत. ‘इलियड’मध्येच अशा सुमारे १५,७०० ओळी आहेत. ओळीत सहा गण, आणि प्रत्येक गण एक गुरू-दोन लघु, म्हणजे आपला ‘भ’ गण, किंवा त्याऐवजी दोन गुरू. पाचवा गण बहुधा पहिल्या प्रकारचा, सहावा नेहमी दोन अक्षरी. त्यामुळे एका ओळीत अक्षरे साधारण १३ ते १७ होतात. शार्दूलविक्रीडितात अशी अदलाबदल खपत नाही. या बाबतीत हेक्झामीटर आपल्या मात्रावृत्तांना जवळचा. यती बहुधा तिसऱ्या गणाच्या पोटात पडते. शब्द आणि गण सतत एकाच जागी संपू लागले, तर ओळीचे तुकडे पडतील.

लेस्बॉस बेटावरच्या सॅफोची रीत वेगळी. तिच्या नावाच्या कडव्यात ११ अक्षरांच्या तीन ओळी आणि शेवटी ५ अक्षरांची आखूड ओळ असते. दोन लघूंच्या जागी गुरू चालत नाही. अशा वृत्तांचे वैदिक छंदांशी असलेले साम्य फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९२३मध्ये मांडले. नाटकातील संवादांसाठी लघु-गुरू चालीचे ‘आयँबिक’ वृत्त रूढ झाले. बोलण्याला सर्वांत जवळचे वृत्त हेच, असे ॲरिस्टॉटलचे निरीक्षण आहे.

रोममध्ये एनियसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात आपल्या महाकाव्यासाठी हेक्झामीटर स्वीकारला, पण लॅटिनचे काही शब्द त्यात मावेनात. दोन गुरूंमध्ये एकटा लघु या वृत्ताला चालत नाही, आणि ‘इम्पेरातोर’ हा सेनापतीवाचक शब्द नेमका तसाच. एनियसने ‘इंदुपेरातोर’ हे जुन्या वळणाचे रूप वापरून वाट काढली. प्रेमकवितेला हेक्झामीटरखाली एक तोकडी ओळ जोडलेली द्विपदी मानवली. ऑव्हिडने याचीही थट्टा केली : आपण वीरकाव्य लिहायला बसलो, पण मदनाने दुसऱ्या ओळीचा एक गणच पळवला!

पुढे बोलीतील लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ भेद विरत गेला आणि लघुगुरू पुस्तकातून शिकावे लागू लागले. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने सामान्य लोकांनी गाण्यासाठी एक स्तोत्र रचले. वृत्ताच्या सक्तीने लोकांना अनोळखी शब्द वापरावे लागतील, म्हणून त्याने त्यात जुनी वृत्ते मुद्दाम टाळली.