कांद्याचा जंतु आणि रक्तशुद्धीची नळी

१९५० सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे वनस्पतिरोगतज्ज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनीं कांदा सडविणाऱ्या एका जंतूचें वर्णन प्रसिद्ध केलें. कांद्याच्या लॅटिन नांवावरून त्यास ‘सेपेशिया’ म्हणतात. शोधकाच्या नांवावरून पुढें तो ‘बर्कहोल्डेरिया सेपेशिया’ झाला. हाच जंतु क्वचित् डायलिसिसवर असलेल्या रुग्णाच्या रक्तांत सांपडतो, हें वाचून आमच्या वाचकांस नवल वाटेल. चातुर्मासांत कांदा वर्ज्य करणाऱ्या घरासही त्यापासून अभय नाहीं. कारण तो खाण्यांतून नव्हे, पाण्यांतून व नळींतून येतो.

मूत्रपिंडें निकामी झालीं म्हणजे बहुधा आठवड्यांतून तीन वेळां, सुमारें चार चार तास, यंत्रानें रक्त शुद्ध करावें लागतें. प्रत्येक वेळीं पातळ पडद्यापलीकडून सुमारें १२० लिटर द्राव वाहतो. ओलाव्यांत वाढणारा हा जंतु निरोगी माणसास सहसा बाधत नाहीं. परंतु मानेजवळच्या मोठ्या शिरेंत बसविलेली नळी, म्हणजे कॅथेटर, रक्ताचें दार उघडें ठेवते आणि रुग्णाची प्रतिकारशक्तिही क्षीण असते. शिवाय हा जंतु कांहीं जंतुनाशक द्रावांतही तग धरतो. ज्यानें दार धुवावयाचें, त्यांतच चोर दडावा, असा हा प्रकार!

असा रक्तदोष बहुधा त्वचेवरील स्टॅफिलोकॉकस जंतूमुळें होतो. सेपेशियावर मात्र नेहमींचीं कित्येक औषधें चालत नाहींत. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वीं रक्ताचा नमुना घेणें, आणि त्यांतील जंतु वाढवून ओळखल्यावर त्याप्रमाणें औषध बदलणें अगत्याचें असतें. पुष्कळदां नळीही काढावी लागते, आणि केंद्रांतील पाणी व द्राव तपासावे लागतात.

घरच्या मंडळींस आमचें सांगणें एवढेंच. डायलिसिस चालू असतां वा घरीं परतल्यावर हुडहुडी भरून ताप आला, तर ‘दगदग झाली असेल’ म्हणून काढा देऊन निजवूं नये. तत्काळ डॉक्टरांस कळवावें. नळीवरची पट्टी भिजूं देऊं नये. मनगटाजवळ रोहिणी व नीला जोडून केलेल्या ‘फिस्तुला’च्या मार्गानें, जो १९६६ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनीं प्रसिद्ध केला, जंतुदोषाचें भय पुष्कळ कमी होतें. परंतु तो वापरण्याजोगा होण्यास कित्येक आठवडे लागतात. तेव्हां ‘पुढें पाहूं’ म्हणत ती लहानशी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणें, म्हणजे घराचें दार उघडें ठेवून निजणें होय.