फ्रेम नेमकी कुठे गळते?

टीव्हीवर गेम झकास चाललेला असतो आणि यूट्यूबवर बघणारे मात्र तक्रार करतात, 'दादा, लॅग मारतोय!' लगेच नव्या ग्राफिक्स कार्डाच्या किमती शोधल्या जातात. कित्येकदा दोष साध्या केबलमध्ये निघतो.

सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद. कन्सोलमधून निघालेलं चित्र एचडीएमआय केबलने कॅप्चर कार्डात येतं, तिथून यूएसबीने लॅपटॉपमध्ये. तिथे त्यावर वेबकॅमची चौकट आणि चॅट चढतात, मग ते दाबून लहान केलं जातं आणि नेटवर रवाना होतं. या वाटेवर कोणत्याही टप्प्याचा सरासरी वेळ त्या १६.६७ च्या वर गेला, की मागच्या फ्रेम तुंबतात आणि काही टाकून द्याव्या लागतात.

पहिली अडचण यूएसबीची. १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके, प्रत्येकाला २४ बिट आणि सेकंदाला ६० फ्रेम. हा हिशेब जवळपास ३ गिगाबिटवर जातो. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे गरजेच्या सहाव्या हिश्शापेक्षाही कमी. रंगांची माहिती थोडी कमी केली तरी दीड-दोन गिगाबिट लागतातच. म्हणून स्वस्तातली यूएसबी २.० ची कार्डं प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबून पाठवतात. बारीक अक्षरांभोवती दिसणारा चिखल त्यातूनच येतो. गंमत अशी की चांगलं यूएसबी ३.० कार्ड घेऊनही ते फोन चार्जिंगच्या सी-टाइप केबलने जोडलं, तर अनेकदा गाडी पुन्हा ४८० मेगाबिटवर येते, कारण अशा बऱ्याच केबलींत वेगवान माहितीच्या तारा नसतातच. आधी केबल बदला, हब काढून टाका, कार्ड थेट लॅपटॉपच्या वेगवान पोर्टात लावा.

चित्र अडखळत नाही, पडदा सरळ काळाच आहे? मग बहुधा एचडीसीपी हे चोरीविरोधी कुलूप लागलेलं असतं. प्लेस्टेशन ५ च्या एचडीएमआय सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. मात्र तेवढा वेळ सिनेमे दाखवणारी काही ॲप चालत नाहीत. रंग फिके दिसले, काळ्याचा राखाडी झाला, तर कार्ड बिघडलेलं नसून रंगांची पट्टी जुळत नसते: एक बाजू ० ते २५५ धरते, दुसरी १६ ते २३५.

आता लॅपटॉपकडे. बहुतेकांच्या वापरातलं ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर २०१२ पासून आहे आणि त्यातली 'स्टॅट्स' नावाची चौकट उघडायचे कष्ट फार कमी जण घेतात. तिथे सुटलेल्या फ्रेमचे तीन वेगळे आकडे असतात. 'रेंडरिंग लॅग' वाढतोय तर ग्राफिक्स चिपला चित्रं जुळवायला फुरसत नाही. 'एन्कोडिंग लॅग' वाढतोय तर चित्र दाबणारा भाग मागे पडतोय. तिसरा 'ड्रॉप्ड फ्रेम' वाढतोय तर लॅपटॉपला उगाच दोष देऊ नका, दुखणं नेटचं आहे. बिटरेट उतरवा, वायफाय सोडून लॅनची तार लावा. तिन्ही दुखण्यांचं लक्षण एकच असल्यामुळे लोक एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतात.

रेंडरिंग लॅग फसवा असतो. गेम त्याच संगणकावर चालत असेल आणि त्याच्या फ्रेमवर मर्यादा नसेल, तर तो जमेल तितक्या फ्रेम काढत सुटतो, ग्राफिक्स चिप ९९ टक्क्यांवर जाते आणि ओबीएसला तिचा वेळच मिळत नाही. खेळणाऱ्याला सगळं सुरळीत, बघणाऱ्याला धक्के! गेमला ६० फ्रेमची मर्यादा घातली की चिपला श्वास मिळतो. एक रुपयाही खर्च न करता होणारी ही दुरुस्ती महागड्या कार्डाच्या आधी करून बघायला काय हरकत आहे?

एन्कोडिंगचं काम मूळचं जड. ३ गिगाबिटचा लोंढा ६ मेगाबिटमध्ये बसवायचा, म्हणजे पाचशेपट आक्रसायचा. प्रोसेसरवर एक्स-२६४ ने हे होतं, पण हळू प्रीसेट निवडला की तो धापा टाकतो. एनव्हिडियाच्या बऱ्याच चिपांवर २०१२ पासून याच कामाचा स्वतंत्र भाग आहे, एनव्हीएन्क नावाचा. साध्या लॅपटॉपवर मी तोच निवडेन.

शंका उरलीच, तर प्रसारण न करता नुसतं रेकॉर्डिंग करून बघा. ते स्वच्छ आलं तर संशय नेटवर. मात्र दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका. अंथरुणावर ठेवलेला लॅपटॉप मे महिन्यात सुरुवातीला ठणठणीत चालतो, मग तापतो आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. चाचणी निदान अर्धा तास चालू द्या, तीही गेममधल्या सगळ्यात धामधुमीच्या लढाईत.