सरकी सुटते ती जागा

विदर्भातल्या कापड गिरण्यांवर लिहायचं ठरलं की लेखणी आपसूक एम्प्रेस मिलकडे वळते. मुंबईत गिरण्यांची गर्दी होत असताना जमशेटजी टाटांनी कापूस पिकतो त्या मुलखात यायचं ठरवलं आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात ही मिल सुरू केली. रेल्वेच्या मालवाहतुकीतला अनुभव असलेले बेझनजी मेहता तिचे व्यवस्थापक झाले. रिंग स्पिंडलचे प्रयोग तिथे झाले, कामगारांसाठी निवृत्तिवेतनासारख्या सोयी तिथे आल्या. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. संपादकांनाही याच वळणाचा लेख हवा होता: पडक्या चिमण्या, थांबलेले भोंगे. मी मात्र त्यांच्याकडे हट्ट धरला तो सावनेरचा.

नागपूरच्या उत्तरेला ३५-३६ किलोमीटरवर कोलार नदीकाठचं हे गाव. इथून एक रस्ता बैतूलकडे जातो, दुसरा छिंदवाड्याकडे. शेजारचं खापा कोष्ट्यांच्या हातमागांसाठी जुन्या काळापासून नावाजलेलं. सावनेरचं नाव मात्र कापडाआधीच्या कामासाठी घेतलं जातं. रोजच्या बाजारभावांच्या यादीत कापसाच्या रकान्यात हिंगणघाट, वर्धा, काटोल यांच्याबरोबर सावनेर असतंच. कापूस इथे येतो, त्याची सरकी आणि रुई वेगळी होते, रुईची गाठ बांधली जाते आणि ती गाठ दूरच्या सूतगिरणीकडे रवाना होते. सूत निघतं दुसरीकडे, कापडही दुसरीकडेच.

याचं मूळ शोधायला अमेरिकेपर्यंत जावं लागतं. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात तिथल्या दक्षिणेकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरवर स्थिरावली. सरकारने कापसासाठी स्वतंत्र आयुक्त नेमला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. मग गावोगावी सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणाऱ्या प्रेस उभ्या राहिल्या. सावनेरवरून छिंदवाड्याला जाणारी नॅरोगेज नंतर आली. २०१५ मध्ये ती थांबली आणि आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे.

इतिहास इतका पुरे. मला खिळवून ठेवलं ते जिनाने.

जिनिंगच्या शेडमध्ये शिरताना आधी कानठळ्या बसतात, मग नाकात तंतू जातात. दोन्ही बाजूंना जिनांच्या रांगा, प्रत्येकात चामड्याचे दोन रोल आडवे बसवलेले. चामड्याच्या गोल चकत्या लोखंडी दांड्यावर ओवून, दाबून, घट्ट करून हा रोल बनतो. त्याच्या अंगावर तिरप्या खाचा पाडलेल्या असतात. रोल मिनिटाला शंभराच्या आसपास फिरतो. त्याला चिकटून एक पोलादी पातं स्थिर बसलेलं असतं आणि मधे दुसरं पातं मिनिटाला हजाराच्या आसपास हेलकावे घेत राहतं. वरून कापूस पडला की खरखरीत चामडं तंतू धरतं आणि स्थिर पात्याखालून ओढून नेतं. सरकी त्या फटीतून जाऊ शकत नाही, ती पात्याच्या धारेशी अडते. त्याच क्षणी हलतं पातं तिला टोला देतं. तंतू पलीकडे निघतो, सरकी जाळीतून खाली गळते. यात तंतू कापला जात नाही. फक्त पकडणं, अडवणं आणि मारणं, एवढंच काम. पण हे तिन्ही एकाच जागी, एकाच क्षणी जमलं पाहिजे.

या यंत्राचा पूर्वज अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात डेमोपोलिस नावाच्या लहानशा गावी जन्मला. फोन्स मॅकार्थी यांनी १८४० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी १७९४ मध्ये एली व्हिटनी यांच्या दातेरी जिनाला पेटंट मिळालं होतं आणि अमेरिकेचा बहुतेक कापूस त्यावरच निघत होता. दात्यांचा जिन झपाट्याने काम करतो, पण तंतू तोडतो. लांब धाग्याच्या कापसासाठी मॅकार्थींचा रोलर बरा ठरला. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी तो बनवून जगभर धाडला आणि हिंदुस्थानात तो असा रुळला, की आपल्याकडचा बहुतेक कापूस आजही रोलर जिनवर निघतो. आता दोन रोलांचे जिन नागपुरातच तयार होतात आणि परदेशातही जातात. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका लहान गावातली युक्ती सावनेरच्या शेडमध्ये रोज राबते आहे, हे मला एम्प्रेस मिलच्या कहाणीइतकंच मोलाचं वाटतं.

रांगेच्या टोकाशी साठीकडे झुकलेले एक फिटर काम करत होते. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. ते जिनाकडे फारसं पाहतच नव्हते. रांगेतून सावकाश चालायचे, मधेच थबकायचे, कान द्यायचे आणि एखाद्या जिनापाशी परत यायचे. रोल झिजला की त्याचा घेर कमी होतो आणि स्थिर पात्याचा दाब सुटतो. मग तंतू नीट ओढला जात नाही, सरकीवर रुई तशीच राहते, उतारा घसरतो. दाब जास्त झाला तर रोल तापतो, चामडं जळू लागतं, रुईला वास येतो. खाचा बुजल्या की रोल काढून पुन्हा पाडाव्या लागतात. हे सगळं त्यांना आधी आवाजात कळतं. मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझा हात जिनाच्या चौकटीवर ठेवला आणि मग शेजारच्या जिनावर. दुसऱ्याची थरथर वेगळी होती. त्यांनी बोल्ट अर्धा फेरा आवळला. थरथर बदलली. या अर्ध्या फेऱ्यासाठी कोणतंही पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही. ते लहानपणी डबा घेऊन वडिलांकडे जिनात यायचे, तिथेच शिकले.

उतारा हा शब्द इथे प्रत्येकाच्या तोंडी असतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. १७० किलोच्या एका गाठीसाठी पाच क्विंटल कापूस लागतो. उतारा एका टक्क्याने कमी आला की क्विंटलमागे किलोभर रुई गेली. ओलावाही तसाच. ८ टक्क्यांपर्यंत ठीक, १२ च्या वर गेला की सरकारी खरेदीत कापूस नाकारला जातो. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस आणि दुपारच्या उन्हात वाळलेला कापूस यांचा भाव इथे वेगळा होतो.

कापसाच्या ढिगापाशी बाया बसल्या होत्या. प्लास्टिकच्या सुतळ्या, रंगीत धागे, केस, पाल्याचे तुकडे त्या हाताने निवडत होत्या. सुतात एक पिवळा धागा गेला तरी कापडाचा अख्खा तागा बाद होतो. तोंडावर रुमाल बांधलेला, पापण्यांवर पांढरा थर. हे काम दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि उन्हाळ्यात संपतं. मधल्या महिन्यांत शेतावर निंदण, नाहीतर काहीच नाही. वर्षानुवर्षं हे तंतू श्वासात घेऊन छातीचं काय होतं, याची तपासणी हंगामी मजुरासाठी कोण करणार? कायम कामगार असलेल्या गिरण्यांत निदान युनियन होती, दवाखाना होता. जिनिंगची बाई आज इथे, उद्या तिथे.

आगीची भीतीही सतत. एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा कापसातून आला, पात्यावर घासला, ठिणगी पडली, की ती रुईत शिरून तासन्तास धुमसते. गाठ बांधून झाल्यावरही आतून पेटते. काकाजींनी अशी गाठ पाहिली आहे.

गुलाबी बोंडअळीने तर जिनिंगचं आवारच संशयित केलं. २०१७ मध्ये या अळीने विदर्भातली कपाशी पोखरली. अळी जोडसरकीत दडून बसते, सरकीबरोबर जिनात येते आणि ढीग उन्हाळ्यापर्यंत पडून राहिले तर पतंग होऊन लगतच्या शेतात उतरते. म्हणून जिनिंगमध्ये कामगंध सापळे लावायला सांगतात, सरकी लवकर हलवायला सांगतात. पण सरकीचा भाव चढेल या आशेने ती साठवली जाते. शेतकऱ्याचं नुकसान आणि जिनवाल्याचा नफा यांच्यातलं अंतर इथे एका कुंपणाचं आहे.

भावाचं काय? २०२५-२६ साठी मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षाखेरपर्यंत, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं. सूतगिरण्यांना स्वस्त कापूस हवा, हे समजू शकतं. पण त्याने सावनेरच्या बाजारात कापूस आणणाऱ्या माणसाचा हात पिळला गेला. इकडे विदर्भातल्या सहकारी सूतगिरण्या एकेक करून थकल्या, अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. गाठी ट्रकमध्ये चढून तमिळनाडू-गुजरातकडे जातात.

आता नव्या जिनांत कापूस आपोआप ओढला जातो, चामड्याऐवजी रबराचे रोल बसवण्याचे प्रयोग आहेत, कारण चामडं कमावताना वापरलेलं क्रोमियम धुळीत उतरतं. हे व्हायलाच हवं. नागपुरात केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तरुण फिटर घडतात. पण काकाजींच्या हाताखाली आज कोणी शिकाऊ नाही. त्यांचा मुलगा कोळसा खाणीत लागला. जुने जिन किलोच्या भावाने भंगारात जातात. बाजार समितीने निदान एक जुना जिन आवारात ठेवावा, चालता ठेवावा, आणि हंगाम संपायच्या आत काकाजींसारख्या दोन-चार फिटरांना बसवून त्यांचं शिक्षण लिहून, चित्रित करून घ्यावं. यासाठी फार पैसे लागत नाहीत. पुढचा हंगाम दिवाळीला सुरू होईल, तोवर काकाजी कामावर येतील की नाही, हे त्यांच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे.