आठ वर्षांत तीन ग्रॅम

भंडारदरा धरण काठोकाठ भरलं की त्यात ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी मावतं. लिटरमध्ये मोजलं तर ३१ हजार कोटींच्या वर. तिथून सुटलेलं पाणी प्रवरेतून अकोल्यावरून संगमनेरला येतं. समजा, या अख्ख्या साठ्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठेवायचं ठरवलं, तर किती लागेल? सुमारे ३१२ टन, म्हणजे दहा टनी एकतीस ट्रक. एवढं ओतूनही पाण्याची चव बदलणार नाही, रंग बदलणार नाही, वासही येणार नाही.

आता उलटं मोजू. उन्हाळ्यात तळेगाव दिघेकडे किंवा पठार भागात दहा हजार लिटरचा टँकर येतो. त्याच प्रमाणानं त्यात दहा ग्रॅम फ्लोराइड असेल, दोन चमचेसुद्धा भरणार नाही. मोजायला सोपं म्हणून मूल दिवसाला एक लिटर पाणी पितं असं धरा. जन्मापासून आठव्या वर्षापर्यंत त्याच्या पोटात जाणारं फ्लोराइड होतं २.९ ग्रॅम.

आठच वर्षं का? कारण याच काळात पक्के दात जबड्याच्या आत घडत असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आठ वर्षांच्या हिशेबात या दोन आकड्यांतला फरक जेमतेम दीड ग्रॅम. पाणी ३ मिलिग्रॅमचं असेल तर बेरीज पावणेनऊ ग्रॅमवर जाते, आणि एवढ्यावर दात डागाळतात. जवळून पाहिलं तर हे डाग ओळखू येतात: दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर साधारण एकाच उंचीवर खडूसारख्या पांढऱ्या आडव्या रेघा, पुढे त्या तपकिरी होतात. कीड असं जोडीनं येण्याचं बंधन पाळत नाही. ती दाढेच्या खाचेत एक काळा ठिपका करते आणि आत पोखरत जाते. फ्लोराइड याहून बरंच जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं आणि सांधे धरतात. आपल्या देशात हा आजार १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यात नोंदवला गेला. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात तो लोकांनी भोगला आहे.

गंमत अशी की हेच फ्लोराइड दात वाचवतं. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरानं २५ जानेवारी १९४५ पासून नळाच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड मिसळलं. त्यानंतर जन्मलेल्या मुलांत दातांची कीड साठ टक्क्यांहून जास्त घटली. दाताचं बाहेरचं कवच, इनॅमल, तोंडातला पीएच ५.५ पर्यंत उतरला की विरघळू लागतं. फ्लोराइड मुरलेलं कवच ४.५ पर्यंत तग धरतं. हा एक अंक किरकोळ वाटतो, पण पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट आम्ल.

भारतात कुठेही पाण्यात फ्लोराइड मिसळत नाहीत, आणि त्याची गरजही नाही. टूथपेस्टमध्ये ते दहा लाख भागांत हजार भागांपर्यंत असतं. म्हणजे शंभर ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम, शंभर लिटर पाण्याइतकं. मुलाच्या ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घेतली तर पाव मिलिग्रॅम. तेवढंच पुरतं, कारण फ्लोराइडचं मुख्य काम दाताला लागून होतं, पोटात जाऊन नाही.

आणि साखर? दिवसाला पाच चमचे, म्हणजे २५ ग्रॅम धरा. चहा, बिस्कीट, चॉकलेट यांत एवढी सहज जाते. पाण्यातल्या १ मिलिग्रॅम फ्लोराइडसमोर ती २५ हजार पट भरते. शिवाय गोड खाल्ल्यावर तोंडातलं आम्ल ओसरायला साधारण अर्धा तास जातो. दिवसातून सहा वेळा गोड तोंडात टाकलं तर दात तीन तास आम्लात. जगात ५१ कोटींहून जास्त मुलांचे दुधाचे दात किडलेले आणि उपचाराविना आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये मांडलं. आपल्या संगमनेर तालुक्यात साखर कारखानाही आहे आणि दंत महाविद्यालयही. दोघांनाही गिऱ्हाईक कमी पडायचं नाही!

आता पुन्हा पाण्याकडे. आपला खडक काळा, बेसाल्टचा. यवतमाळ-किनवटची गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होईल असं नाही. पण खडकाच्या नावावरून बोअरचा आकडा सांगता येत नाही. बोअर जितका खोल, पाणी खडकात जितकं जुनं, तितकं फ्लोराइड वाढू शकतं, आणि एका बांधावरच्या दोन बोअरचं पाणीही वेगळं निघतं. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण चढतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासायचं शिकवलं आहे. किटमध्ये पाण्यात द्रावणाचे थेंब टाकले की गुलाबी रंग फ्लोराइडच्या प्रमाणात पिवळ्याकडे झुकतो. तुमच्या शाळेच्या बोअरचा आकडा किती, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. आणि आकडा १.५ च्या वर निघाला तर त्या बोअरचं पाणी धुण्या-भांड्यांना ठेवा, मुलांच्या पिण्यासाठी दुसरी सोय मागा.